दोन मिनिटं शांतता आणि कंट्रोल-सी

टिटवीला हे नाव तिच्या मामाने ठेवलं, ती दोन महिन्यांची असताना. ती रडायला लागली की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून दुसरीकडे जाऊन बसायची म्हणे. पुढे ती मोठी झाली, शिकली, निसर्ग-संग्रहालयाच्या ध्वनिकक्षात नोकरीला लागली, पण नाव काही पाठ सोडेना. मामा संग्रहालयात फोन करून सरळ "टिटवीला द्या" म्हणायचा, आणि फोन घेणाऱ्याला वाटायचं, कुणीतरी पक्ष्याची टेप मागतंय.

ध्वनिकक्ष मोठ्या दालनाच्या वर होता, माळ्यासारखा. भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे, दाराला रबराची पट्टी आणि खाली दालनात डोकावणारी दुहेरी काचेची एक खिडकी. बाहेर ढोल वाजले तरी आत टिटवीला पत्ता लागत नसे. तिथे बसून ती सहाशे चाळीस ध्वनिमुद्रणांची राखण करायची. सगळी एकाच माणसाने केलेली. त्याला सगळे माइककाका म्हणत. अडतीस वर्षं हा गृहस्थ खांद्याला यंत्र अडकवून तळ्याकाठी, गोठ्यांत, कुंपणांवर, जिथे काही चिवचिवेल किंवा गुरगुरेल तिथे जाऊन बसला. कामाला मोठा काटेकोर. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात नोंद सांगायचा: क्रमांक, प्राणी, वेळ, वारा. एखादा कारकून टपाल नोंदवतो ना, तशी. मग प्राण्याची पाळी.

माइककाका मागच्या महिन्यात गेले. जाण्याआधी त्यांच्या सगळ्या फिती संगणकावर उतरवून झाल्या होत्या, पण ज्या यंत्राने त्या उतरवल्या त्याची तऱ्हाच न्यारी. बाजारातला कुठलाही प्रोग्राम त्या फाइली वाजवेना. तेव्हा टिटवीने मामाला साकडं घातलं. मामा बाटल्या भरायच्या कारखान्यात यंत्रांचे प्रोग्राम लिहून निवृत्त झालेला, आणि सध्या घरात बसून मामीच्या कपडे धुण्याच्या यंत्राला शिस्त लावत होता. मामीनेच त्याला हाताला धरून बाहेर काढलं असेल. आठ दिवसांत त्याने वाजवणारा प्रोग्राम लिहून दिला आणि त्याचं नाव ठेवलं 'गवई'.

"कामापुरता मामा," तो म्हणाला होता. "काम झालं की ओळख तरी देशील का?"

"बिघडलं की देईन," टिटवी म्हणाली होती. तिला काय ठाऊक, आपल्या जिभेवर तीळ आहे ते!

गवई एका वेळी एकच फाइल वाजवायचा. सगळ्या ओळीने वाजवायच्या तर शेलला सांगावं लागे. शेल म्हणजे संगणकाच्या काळ्या पडद्यामागचा मुकादम. आपण हुकूम टंकायचा, त्याने तो ज्याचं काम त्याच्याकडून करून घ्यायचा. टिटवीने त्याच्या हातात पाच ओळींची एक स्क्रिप्ट, म्हणजे कामांची यादीच ठेवली होती: पहिली फाइल घे, गवयाला दे, त्याचं संपेपर्यंत थांब, मग दुसरी दे. मध्येच थांबवायचं झालं तर कंट्रोल आणि सी या दोन कळा एकदम दाबायच्या. संगणकावर काम करणारा प्रत्येक जण हे डोळे मिटून करतो.

त्या मंगळवारी दालनात नवे सोळा स्पीकर बसले. वायरमनने सकाळीच सांगून ठेवलं, "ताई, अडीच वाजता मी खाली उभा राहतो. तुम्ही वरून लावा. कुठला खरखरतोय ते बघून घेऊ." चार वाजता त्याच दालनात माइककाकांची शोकसभा होती. त्याआधी चाचणी उरकलेली बरी, म्हणून टिटवीने होकार दिला.

पण काकू, म्हणजे माइककाकांची बायको, दीड वाजताच येऊन बसल्या. ऐंशीच्या घरातल्या बाईला ताटकळत कसं ठेवायचं, म्हणून संचालकबाईंनी सभाच अलीकडे ओढली. सगळ्या विभागांना निरोप गेला. ध्वनिकक्षातही फोन केला होता, पण तो फोन नुसता ठेवला तरी गुणगुणतो म्हणून टिटवीने त्याची वायर काढून ठेवलेली. वायरमनला वाटलं, ताईंना कळलंच असेल. टिटवीला वाटलं, काही बदल असता तर वायरमन सांगायला आला असता. दोघांनाही जे वाटलं ते अगदी बरोबर होतं, फक्त तसं झालं मात्र नव्हतं.

अडीच वाजले. टिटवीने स्क्रिप्ट चालू केली आणि उन्हासाठी ओढलेला पडदा बाजूला सारून वायरमनला हात करायला खिडकीशी गेली.

खाली साठ माणसं मान खाली घालून उभी होती. खुर्चीवर माइककाकांचा फोटो. पुढच्या रांगेत काकू. संचालकबाई मनगटावरच्या घड्याळात बघत दोन मिनिटं मोजत होत्या. वायरमन शेवटच्या रांगेत, डोळे मिटून.

आणि सोळा स्पीकरांमधून माइककाका बोलले.

"क्रमांक एक. गाढव. सकाळ, सहा वाजून दहा मिनिटं. वारा नाही."

साठ माना एकदम वर झाल्या. त्यानंतर जे गाढव ओरडलं, ते चांगलं तब्येतीचं गाढव होतं. टिटवीच्या टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधूनही तेच ओरडत होतं, म्हणून तर तिला कळलं की खाली काय चाललंय. तिने झेप घेतली आणि कंट्रोल-सी दाबलं. गाढव अर्ध्या हुंकारात गप्प झालं. टिटवीने श्वास सोडला.

"क्रमांक दोन," माइककाका म्हणाले. "बेडूक. अंदाजे चाळीस. डबकं."

तिने पुन्हा कंट्रोल-सी दाबलं. चाळीस बेडूक एका क्षणात गप्प झाले.

"क्रमांक तीन. बोका. दुसरा बोका. कुंपण."

पुन्हा कंट्रोल-सी.

"क्रमांक चार. डास. एक."

हा आवाज फार बारीक होता, पण सोळा स्पीकरांमधून आला. खाली निम्म्या लोकांनी आपापल्या कानाजवळ हात मारला.

आवाज कमी करायचं बटण दालनातल्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली वायरमनच्या खिशात. स्पीकरची वायर उपटावी तर संगणकाच्या मागे तीस वायरी, सगळ्या काळ्या. संगणकच बंद करावा तर त्याच्यावर तीन दिवसांपासून साऱ्या संग्रहाची नक्कल उतरत होती, ती अर्ध्यावर तुटली असती. ती कंट्रोल-सी दाबत राहिली आणि माइककाका क्रमांक सांगत राहिले. कोंबडा आला आणि गेला. घुबड आलं. एका हाताने कळ दाबत तिने दुसऱ्या हाताने मामाला मोबाइल लावला.

"मामा, गवई थांबत नाहीये!"

"आधी सांग, जेवलीस का?"

"मामा! इथे शोकसभेत गाढव ओरडलं!"

"कोण, संचालक?"

"खरं गाढव! कंट्रोल-सी दाबलं की ते थांबतं आणि पुढचं सुरू होतं!"

"मग नीट दाब."

"नीट म्हणजे कसं? कळ आहे ती, कणीक नाही मळायची!"

तेवढ्यात माइककाका नेहमीपेक्षा जरा हळू बोलले. "क्रमांक सात. सस्तन. स्थळ, घर. दुपार, तीन वाजता. जागं करू नये."

मग घोरणं सुरू झालं. साधंसुधं नव्हे. आधी एक लांब, चढत जाणारी घरघर, वर गेल्यावर छोटीशी शिट्टी, मग पोतं ओढत नेल्यासारखा उतार. टिटवी कळ दाबायची विसरली. खाली साठ जणांचे डोळे हळूहळू काकूंकडे वळले. काकू ताठ बसल्या होत्या. संचालकबाई छताकडे बघत होत्या. वायरमनने स्वतःची मूठ दातात धरली होती.

"हे रानडुक्कर फार छान आलंय," फोनवरून ऐकून मामा म्हणाला.

"मामा, काहीतरी कर रे!"

"झेड दाब. कंट्रोल-झेड. तो मारत नाही, आहे तिथे गोठवतो. मुकादमासकट."

तिने दाबलं. घरघर वर चढत होती, ती तिथेच थांबली. श्वास आत गेला आणि बाहेर आलाच नाही. साठ माणसं त्या उतरत्या श्वासाची वाट बघत उभी राहिली. दोन मिनिटांतली बहुधा तीच काही सेकंदं खरी शांतता होती. मग कुणाचा तरी बांध फुटला, आणि मागून सगळ्यांचाच.

टिटवीला काचेतून नुसतं दिसत होतं. काकूंचे ओठ हलले आणि हसणं आणखी वाढलं. काकू काय म्हणाल्या ते तिला नंतर वायरमनने सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "त्रेपन्न वर्षं मी ह्या माणसाला गप्प करायला बघत होते. तुम्हाला दोन मिनिटांत जमेल होय?"

मामाने फोनवरूनच पुढचा हुकूम सांगितला आणि टिटवीने गोठलेलं ते सगळं काम मारून टाकलं. त्यानंतर ती खुर्चीखाली लपण्याच्या बेतात होती, पण खुर्ची लहान होती.

संध्याकाळी संचालकबाईंनी तिला बोलावलं. बाई रागावलेल्या नव्हत्या, आणि तेच जास्त अवघड होतं. "हसू झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "काकूंनीच हसण्यावारी नेलं म्हणून निभावलं. पण थांबवायची कळ आहे आणि ती थांबवत नाही, हे काही मला पटत नाही. उद्या आग लागली तर ह्याच स्पीकरवरून सूचना द्यायची आहे. शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा द्या. मला समजेल अशा भाषेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मामा ध्वनिकक्षात हजर. दोन चष्मे, एक वही, आणि चेहरा असा की खुनाच्या जागी आलेला फौजदार.

"शेलचा दोष आहे," बसायच्या आधीच त्याने निकाल दिला. "कळ दाबली ती शेलने ऐकलीच नाही. बहिरा आहे."

"तुझा गवई तर नाही ना बिघडला?"

"माझा गवई सांगितल्याबरोबर गप्प बसतो. तूच बघितलंस. गाढव बंद झालं की नाही? बेडूक बंद झाले की नाही? पुढचा क्रमांक कोण लावतो? शेल!"

हे खरं होतं. पण नाव उगीच मिळालेलं नव्हतं. टिटवी देखील समुद्र आटवते म्हणतात, ही तर एका मामाशी गाठ होती. तिने स्क्रिप्टमधून गवयाला काढलं आणि त्याच्या जागी स्लीप नावाचा प्रोग्राम घातला. स्लीप हा एक गरीब प्राणी आहे. सांगितलेले सेकंद नुसता झोपतो, दुसरं काही करत नाही. तिने स्क्रिप्ट चालू केली आणि कंट्रोल-सी दाबलं.

स्लीप मेला. स्क्रिप्टही मेली. पुढचं काहीच सुरू झालं नाही. शेल समोर उभा, पुढचा हुकूम विचारत.

"ऐकू येतं की त्याला," टिटवी म्हणाली.

मामाने पहिला चष्मा काढून दुसरा लावला. "पुन्हा दाब."

तिने पाच वेळा दाबलं. पाचही वेळा सगळं एकदम थांबलं. मामा म्हणाला, खोलीत उजेड कमी आहे. मग म्हणाला, कीबोर्ड जुना आहे.

"नाचता येईना, अंगण वाकडं," टिटवी पुटपुटली.

"ऐकलं मी. शेल बदलून बघू. सगळे शेल काही एका घराण्यातले नसतात."

त्याने त्याच्या कारखान्यातल्या काळचा एक शेल शोधून संगणकावर बसवला. गवयाला परत स्क्रिप्टमध्ये घातलं. कंट्रोल-सी दाबलं. गाढव थांबलं, स्क्रिप्टही थांबली, बेडूक आलेच नाहीत. मामाने खुर्चीत मागे रेलून पोटावर हात ठेवले. "बघ. हा शेल कळ ऐकली की कुणासाठी थांबत नाही. उठला की चालू लागला. खुलाशात लिही, शेल बदलला, विषय संपला."

टिटवीने लिहिलंही असतं. पण त्याच दुपारी तिला सूचीचं काम करायचं होतं. त्यासाठी तिची दुसरी एक स्क्रिप्ट होती: प्रत्येक ध्वनिमुद्रणासाठी ती एक संपादक, म्हणजे लिहायचा प्रोग्राम उघडून द्यायची. टिटवीने त्यात टिपण टंकून बंद केलं की पुढच्याचा संपादक उघडायचा. त्या संपादकात काही चुकीचं सुरू केलं तर ते रद्द करायलाही कंट्रोल-सीच दाबायचं असतं. ती रोज वीसदा दाबायची. तिने सवयीने दाबलं. संपादकाने चूक रद्द केली आणि शांतपणे पुढच्या अक्षरांची वाट बघत बसला. पण त्याच्या मागचा मामाचा शेल मात्र कळ ऐकून स्क्रिप्ट सोडून गेलेला. आता एकाच कीबोर्डवर दोन मालक. टिटवीने 'घुबड' टंकलं, तर 'घु' संपादकात पडला आणि 'बड' स्क्रिप्ट जिथून सुरू केली त्या मुख्य शेलकडे गेला. त्याने उत्तर दिलं की 'बड' नावाचा हुकूम आपल्याला ठाऊक नाही.

"मामा," टिटवी म्हणाली, "इकडे ये आणि हे बघ."

मामाने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पहिल्यांदा तो फौजदाराचा चेहरा टाकून कारखान्यातल्या माणसासारखा विचार करायला लागला. त्याने वही उघडली.

"म्हणजे कळ दोघांनाही ऐकू जाते," तो हळूहळू म्हणाला. "मुकादमालाही आणि कामगारालाही. एकाच वेळी."

"हो. आणि आपला मूळचा शहाणा शेल कळ ऐकूनही काही बोलत नाही. कामगाराचं काय होतंय ते बघत थांबतो."

"का थांबतो?"

"कारण त्याला माहीत नाही ना, कळ कुणासाठी होती! संपादकात मी दाबते ती संपादकासाठी असते. ती ऐकून मुकादमाने घरी जायचं काही कारण नाही. म्हणून तो कामगार बाहेर येईपर्यंत थांबतो आणि मग बघतो, हा गेला कसा? कळेच्या दणक्याने मेला असेल तर मुकादम समजतो, सगळंच थांबवायचं होतं, आणि तोही जातो. पण कामगार जर हसत बाहेर आला आणि म्हणाला, माझं काम नीट झालं..."

ती थांबली. मामाही थांबला. दोघांनी एकदमच गवयाच्या प्रोग्रामची फाइल उघडायला हात पुढे केला.

तिथे शेवटून बाराव्या ओळीपासून सगळं लिहिलेलं होतं, मामाच्या नेटक्या अक्षरवळणात म्हणता येईल अशा रचनेत. कंट्रोल-सीचा सिग्नल आला तर मरू नकोस. तो पकड. स्पीकरला टक्क असा झटका बसू नये म्हणून आवाज सावकाश बंद कर. फाइल मिटव. आणि मग मालकाला कळव: सर्व ठीक.

"सर्व ठीक?" टिटवी म्हणाली. "मध्येच मुस्कटदाबी झाली आणि हा सांगतो सर्व ठीक?"

मामाचे कान लाल झाले. "कारखान्यात सवय होती," तो म्हणाला. "काही ठीक नाही असं प्रोग्राम म्हणाला की वर लाल दिवा लागायचा. लाल दिवा लागला की मोठे साहेब जिना उतरून यायचे. मग तासभर त्यांना समजावत बसा. म्हणून मी माझ्या प्रत्येक प्रोग्रामला शिकवलं होतं, काही झालं तरी जाताना हिरवा दिवा लावून जायचं. बत्तीस वर्षांत माझ्या यंत्रावर एकदा लाल दिवा लागला नाही."

"म्हणजे बत्तीस वर्षं तू साहेबांना मामा बनवलंस."

"टिटवे!"

"आणि काल तुझ्या गवयाने शेलला मामा बनवलं. बिचारा प्रत्येक वेळी विचारतोय, काय रे, तुला थांबवलं का? आणि हा म्हणतोय, छे छे, गाढव अगदी छान पूर्ण झालं, द्या पुढचं!"

मामा रुसला. तो रुसला की बोलत नाही, चष्मा पुसतो. त्याने दोन्ही चष्मे पुसले. टिटवी खाली जाऊन चहाचे दोन कप घेऊन आली आणि एक त्याच्यापुढे ठेवला. त्याने कपाकडे न बघता विचारलं, "खुलाशात माझं नाव येणार का?"

"नाव कशाला? 'प्रोग्राम लिहिणाऱ्या तज्ज्ञाने' असं लिहीन."

तज्ज्ञ हा शब्द कामाला आला. मामाने चहा घेतला आणि कीबोर्ड ओढला. दुरुस्ती तीन ओळींची होती. आवाज सावकाश बंद कर, फाइल मिटव, इथपर्यंत सगळं तसंच. पण त्यानंतर हिरवा दिवा लावायचा नाही. जो सिग्नल पकडला होता तो आता पकडायचं सोडून द्यायचं, आणि तोच पुन्हा स्वतःवर चालवून घ्यायचा.

"म्हणजे आवराआवर करून घ्यायची आणि मग त्याच घावाने मरायचं," मामा म्हणाला. "फार मानी मरण आहे."

"निदान खरं तरी आहे."

मूळचा शहाणा शेल परत आला. टिटवीने स्क्रिप्ट चालू केली, दालनाचे स्पीकर बंद आहेत ना याची तीनदा खात्री करून. गाढव ओरडलं. तिने कंट्रोल-सी दाबलं. गाढव थांबलं. दोघं कान देऊन बसले. बेडूक आले नाहीत. मामाने आणखी एक मिनिट वाट बघितली, न जाणो, बेडूक उशिरा यायचे. मग त्याने वहीत तारीख घालून लिहिलं, 'लाल दिवा, पहिला.'

शुक्रवारी खुलासा गेला. दीड पानाचा. संचालकबाईंनी तो उभ्याउभ्याच वाचला. "मुकादमाचं कळलं," त्या म्हणाल्या. "ह्या इमारतीत हिरवा दिवा लावून जाणारे आणखी दोन-तीन जण मला माहीत आहेत. त्यांच्या तीन ओळी कुठे असतात ते विचारा तुमच्या तज्ज्ञांना." आणि आगीच्या सूचनेसाठी वेगळी कळ बसवून घ्यायला सांगून त्यांनी कागद फाइलला लावला.

इथे प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण पुढच्या बुधवारी सकाळी ध्वनिकक्षाचं दार ढकलून काकू आत आल्या. जिना चढून धाप लागली होती. मामाही तिथेच होता. काम संपलं होतं, पण त्याला घरी जायचं नव्हतं, आणि मामीलाही तो तिथे बरा वाटत होता.

"त्या दिवशी सातव्यावर बंद केलंत," काकू खुर्चीत बसत म्हणाल्या. "मला आठपासून पुढे ऐकायचंय. आणि ते सातवं मी नव्हे, सांगून ठेवते. ते त्यांचे थोरले भाऊ."

"बरं, काकू," टिटवी चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाली आणि क्रमांक आठपासून लावलं.

"क्रमांक आठ. साळुंकी. दुपार. वारा थोडा."

काकूंनी नोंद लक्ष देऊन ऐकली. साळुंकी सुरू झाली तशी त्यांनी हात हलवला. "साळुंकी नको. पुढचं. त्या दिवशी कसं पटापट पुढे जात होतं, तसं."

टिटवीने सवयीने कंट्रोल-सी दाबलं. साळुंकी थांबली. सगळंच थांबलं. खोलीत काही आवाज राहिला नाही.

"हे काय? बंद पडलं?"

"नाही काकू. ते आधी बिघडलेलं होतं. आता दुरुस्त केलंय."

"आधी बरं होतं की," काकू म्हणाल्या. "मला प्राणी कशाला हवेत? ते काय सांगतात तेवढंच हवंय. त्यांचं बोलणं झालं की पुढचं. कुणी शहाण्याने दुरुस्त केलं हे?"

मामा इतका खुलला की त्याला बसवेना. "ऐकलंस?" तो टिटवीला म्हणाला. "जनतेची मागणी आहे."

"काकू, हेच ते शहाणे," टिटवी म्हणाली. "ह्यांनाच सांगा."

काकूंनी मामाला शेजारी बसवून घेतलं आणि काय हवं ते सांगितलं, एकदा नाही, तीनदा, आणि तिन्ही वेळा वेगळं. मामाने आयुष्यात कुणाचं इतकं ऐकून घेतलं नव्हतं. तासाभरात गवई नवीन झाला. स्पेसची लांब पट्टी दाबली की तो चालू आवाज आवरून 'सर्व ठीक' म्हणून बाहेर पडायचा, आणि शेल पुढचा क्रमांक द्यायचा. ही हिरव्या दिव्याची रीतसर जागा. कंट्रोल-सी दाबलं की मात्र त्या घावानेच मरायचा आणि शेलला घेऊन जायचा. मामाने स्पेसच्या पट्टीवर पांढरी चिकटपट्टी लावून 'पुढे' असं लिहिलं, आणि दुसऱ्या दोन कळांवर लाल.

काकूंना पट्टी लगेच जमली. आधी नोंद, मग पट्टी. बगळा, सकाळ, वारा नाही. पट्टी. म्हैस, रवंथ, गोठा. पट्टी. मधमाश्या, 'मला दोन चावल्या आहेत'. इथे काकू थांबल्या, "चार," म्हणाल्या, आणि टिटवीने सूचीत दोनाच्या जागी चार केले. अशा त्या तासभर बसल्या. काही नोंदींत त्यांना ओढा आठवायचा, काहींत भाड्याचं घर, एकीत आपण वाऱ्याच्या दिशेला छत्री धरून उभ्या होतो ते. मामा मध्येमध्ये काही विचारायला तोंड उघडायचा आणि टिटवी त्याच्या पायावर पाय द्यायची.

एकशे तीसच्या आसपास काकू दमल्या. "लालवालं दाबू?" त्यांनी विचारलं.

"दाबा. दोन्ही एकदम."

काकूंनी एक बोट कंट्रोलवर आणि एक सीवर ठेवलं, नीट बघून घेतलं आणि दाबलं. माइककाकांचा आवाज 'क्रमांक एकशे' वर तुटला. त्यापुढे काही आलं नाही. काकूंनी पडद्याकडे बघितलं, मग त्या छोट्या स्पीकरकडे, आणि थोडा वेळ वाट बघितली.

"आता खरंच थांबले?"

"हो, काकू. आता खरंच."

काकूंनी मांडीवरची पिशवी सारखी केली. उठायला म्हणून खुर्चीच्या हातावर हात टेकला, आणि तो तसाच ठेवून त्या मामाकडे वळल्या.

"मग परत लावा," त्या म्हणाल्या.